हललेले मोजायचे नाहीत

टोपलीतला बटाटा उचलला तर त्याला भोकं होती. एक वर, एक खाली आणि चार बाजूंना चार, अगदी मापून पाडल्यासारखी. उंदीर इतकं नीटनेटकं काम करत नाही. मी तो तसाच हातात धरून बाहेरच्या खोलीत गेले. हे आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते.

"ह्याला काय झालं?"

त्यांनी पेपर खाली केला, बटाट्याकडे बघितलं आणि पेपर परत वर घेतला. "ते होय. चंद्रकलाला रेणूचा आकार दाखवत होतो. खराट्याच्या काड्या खोचल्या होत्या. धुऊन घे, भाजीला चालेल."

मी बटाटा धुतला, चिरला आणि भाजीत टाकला. त्या दिवशी भाजी खारट झाली. एरवी मीठ चिमूटभर जास्त पडलं तरी हे मला पदार्थात मीठ केव्हा आणि किती घालावं ते समजावून सांगत. त्या दिवशी काही न बोलता जेवले, पाटावरून उठताना कसलंसं गाणंही गुणगुणले. मला ते फार लागलं.

तेव्हा आम्ही धुळ्याला देवपुरात राहत होतो. हे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मुलगा डिप्लोमा करायला जळगावला होता, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. नेरकर सर म्हटलं की गावात लोक रस्ता सोडून नमस्कार करत. त्यांना एखादी गोष्ट येत नाही असं कुणी ऐकलं नव्हतं, मी तर नाहीच. एकदा आमचा रेडिओ बिघडला. मेकॅनिककडे देऊ या म्हटलं तर म्हणाले, "त्यात काय आहे, मला माहीत आहे." रविवारभर उघडून बसले. त्यानंतर तो रेडिओ कुणालाच दुरुस्त करता आला नाही. पण आपल्याला जमलं नाही असं त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. कंपनीचा मालच हलका होता, एवढंच म्हणाले.

मी लग्न होऊन आले तेव्हा नुसती मॅट्रिक होते. ह्यांनी मला इंग्रजी शिकवलं. संध्याकाळी कॉलेजातून आले की चहा घेऊन मला समोर बसवायचे, उतारा लिहायला द्यायचे आणि चुकलेल्या शब्दांवर लाल पेन्सिलीने गोल करायचे. ऑपरेटरची परीक्षा मी त्यांच्यामुळे पास झाले. आमच्या संसारातले ते सगळ्यात चांगले दिवस, असं मला अजूनही वाटतं. नोकरी लागल्यावर शिकवणं संपलं. मग मी त्यांची बायको राहिले, विद्यार्थिनी राहिले नाही. ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं असं काही नाही, पण वाटायचं.

त्या वर्षी एम.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलला होता. ग्रुप थिअरी नावाचं काहीतरी नवीन आलं होतं. ते शिकवणारे तरुण देसाई दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला कंपनीत लागले आणि वर्ष अर्ध्यावर टाकून गेले. प्राचार्यांनी तो पेपर ह्यांच्याकडे दिला, सगळ्यांत वरिष्ठ तुम्हीच म्हणून. हे घरी येऊन मला सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा ताठ होता. मला तो अभिमान वाटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चंद्रकला यायला लागली. चंद्रकला गिरासे. दोंडाईच्याकडची, राजपूत घराण्यातली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. ह्यांनी मला सांगितलं की पोरगी फार हुशार आहे, उन्हाळ्यात पुण्याला निवडक मुलांचं शिबिर झालं त्याला जाऊन आली आहे, नीट तयारी करून घेतली तर विद्यापीठात पहिली येईल. म्हणून घरी बोलावतो.

पहिल्यांदा आली तेव्हा माझी सुट्टी होती. उंच, थोराड हाडाची, घोगऱ्या आवाजाची मुलगी. तेल लावून घट्ट घातलेली वेणी. बोलताना डोळ्यांत बघायची. देखणी असती तर मला सोपं गेलं असतं. मी पोहे केले. तिने बशी रिकामी केली, "छान झालेत, काकू," म्हणाली आणि तोंड फिरवून वहीत बघायला लागली. हे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाकले होते. मी बशा उचलायला गेले तर दोघांनीही वर बघितलं नाही. माझ्या उताऱ्यावर वाकायचे तसेच वाकलेले होते. तेव्हापासून माझ्या मनात जे काही सुरू झालं त्याला मी बरेच दिवस नाव दिलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं की ती नेमकी माझी दुपारपाळी असेल त्याच दिवशी येते. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मी दोनला बाहेर पडायची आणि आठला परत यायची. घरी आले की टेबल पुसलेलं असायचं, खुर्च्या जागेवर असायच्या. सहज विचारल्यासारखं करून मी विचारलं, बुधवारी का नाही येत? तिचे प्रॅक्टिकल असतात, म्हणाले. एका संध्याकाळी टेबलावर बोरांच्या बिया दिसल्या. ह्यांना बोरं आवडत नाहीत. मी विचारायच्या आत म्हणाले, "तिला आवडतात, म्हणून आणली होती." मला काय आवडतं हे त्यांना विचारलं असतं तर विचार करावा लागला असता.

एक्स्चेंजमध्ये आमचं कामच आवाजांचं. हॅलो म्हटल्याबरोबर कळायचं, हा लग्न ठरल्याचं सांगणार आहे की कुणी गेल्याचं. कोण मागणारा आहे आणि कोण देणारा, हे पहिल्या दोन शब्दांतच समजायचं. त्या कानांनी मी ह्यांचा आवाज ऐकायची. त्या पहिल्या दिवशी तिच्याशी बोलताना आणि नंतर तिच्याबद्दल बोलताना तो मऊ झाला होता, खालच्या पट्टीत आला होता. लग्नानंतर पहिल्या वर्षीही मी तो तसा ऐकला नव्हता. बोर्डवर बसून लोकांच्या लाइनी जोडताना मला आमच्या घरातलं ते टेबल दिसायचं. दोनदा मी नाशिकची लाइन मालेगावला जोडली आणि सुपरवायझरचं ऐकून घेतलं.

शेवटी एका मंगळवारी मी सहकारणीला गळ घालून ड्यूटी बदलून घेतली, घरी सांगितलं नाही. दुपारी नेहमीप्रमाणे डबा घेऊन बाहेर पडले, मैत्रिणीकडे वेळ काढला आणि पाचच्या सुमाराला मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. बाहेरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला काय ऐकायचं होतं ते मला चांगलं माहीत होतं. ते ऐकून मी काय करणार हेही ठरवलं होतं.

आधी तिचा आवाज आला.

"नाही सर, परत तेच. हललेले मोजायचे नाहीत. जागचे राहिले ते मोजायचे."

"थांब." हे ह्यांचं. "बटाटा परत फिरव. वरचा आणि खालचा जागेवरच आहेत. म्हणजे दोन."

"हो."

"आणि मी मघाशी चार म्हणालो."

"हो सर."

मग हे हसले. लाजून हसल्यासारखे. "माझं डोकंच चालत नाही बघ, चंद्रकला. देसाई कसं शिकवायचा देव जाणे. परत एकदा पहिल्यापासून सांगतेस?"

"सांगते. पण उद्या वर्गात तुम्हाला हेच घ्यायचंय. मागच्या वेळी फळ्यावर अडलात तेव्हा मुलं गप्प बसली. दर वेळी बसणार नाहीत."

"खरं आहे," हे म्हणाले. "सांग."

ती सांगायला लागली. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज कळत होते. इतके दिवस मी ज्याला मऊपणा म्हणत होते तो मागणाऱ्याचा आवाज होता. एक्स्चेंजमध्ये बसून रोज ऐकत आले आणि स्वतःच्या घरात ओळखला नाही, कारण ह्यांच्याकडून तो येईल अशी शंकाच कधी आली नव्हती.

मी मागच्या दाराने तशीच बाहेर पडले आणि पांझरेच्या पुलावर जाऊन उभी राहिले. वाटतं, कुठलीही बायको सुटले म्हणाली असती. मी सुटले नाही. जे ऐकायला गेले होते ते ऐकू आलं असतं तर मला रडता आलं असतं, भांडता आलं असतं, भावाला बोलावून घेता आलं असतं. ह्याचं काय करायचं? माझं डोकं चालत नाही, हे वाक्य माझ्या नवऱ्याने त्या मुलीला दिलं होतं. मला त्यांनी घर दिलं, इंग्रजी दिलं, नोकरी मिळवून दिली. हे मात्र दिलं नव्हतं. मला त्या मुलीचा आधी वाटत होता त्याच्या दुप्पट हेवा वाटला.

आठला घरी गेले. जेवताना ह्यांनी आपण होऊन सांगितलं, "आज तिला बरंच समजावून झालं." मी त्यांना भात वाढला.

गुरुवारी मी आजारी आहे म्हणून एक्स्चेंजला कळवलं. डोकं खरंच दुखत होतं. हे काळजीत पडले, पण काळजी कसली ते मला दिसत होतं. तिला आज नको म्हणून निरोप पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, येऊ दे की, मी आत पडून राहीन. ते कॉलेजात गेले.

तीनच्या सुमाराला दार वाजलं. धोतर, कोट, डोक्याला फेटा, पन्नाशीचा माणूस दारात होता. हातात वेताची काठी. मी रतनसिंग गिरासे, चंद्रकलाचा मोठा काका, असं म्हणाला. मी बसायला सांगितलं, पाणी दिलं. पाणी पिताना तो खोली बघत होता.

मग शांतपणे बोलायला लागला. चंद्रकलाच्या वडिलांचं घरात चालत नाही, मोठा भाऊ म्हणून निर्णय तोच घेतो. मुलीला एवढं शिकवायचं त्याच्या मनात नव्हतं, भावाच्या आग्रहाखातर पाठवली. शहाद्याकडचं एक स्थळ आहे, बोलणी होत आली आहेत. आणि आता वसतिगृहातल्या एका मुलीच्या घरून कानावर आलं, की चंद्रकला आठवड्यातून तीन दिवस कुणा सरांच्या घरी जाते.

"ताई, तुम्ही राग मानू नका," तो म्हणाला. "सरांचं नाव मोठं आहे, मी चौकशी केली. पण माणसं बोलतात. मी आज तिला घेऊनच जायला आलोय. वसतिगृहाच्या बाईंना तिचं सामान बांधून ठेवायला सांगून आलोय. म्हटलं जाण्याआधी एकदा घर बघावं. एवढंच सांगा, ती येते तेव्हा तुम्ही घरात असता का?"

मला खोटं बोलावं लागणार नव्हतं. नसते, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. ती संध्याकाळच्या गाडीने दोंडाईच्याला गेली असती. टेबलाजवळची ती खुर्ची रिकामी झाली असती, आणि माझ्या अंगावर कसलाही बोल आला नसता. मी खरं तेच सांगितलं होतं म्हणाले असते. त्या माणसाच्या तोंडाकडे बघत मी तो शब्द जिभेवर घोळवला. इतक्या दिवसांचं माझं दुखणं त्या एका शब्दात बरं होणार होतं.

"असते," मी म्हटलं. "मी इथेच बसलेली असते."

"तुमची नोकरी आहे म्हणतात."

"सकाळची ड्यूटी. दुपारी मोकळी असते."

हे मी का केलं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ती मुलगी मला आवडायला लागली होती असं मुळीच नाही. पण मंगळवारी मी तिचा तो घोगरा आवाज ऐकला होता. माझ्या नवऱ्याला ती न भीता चूक म्हणाली होती. असा आवाज कुणी फेट्याखाली दाबून न्यावा, हे मला बघवलं नसतं. हेवा ज्याचा वाटतो ते नाहीसं व्हावं असं वाटतंच असं नाही. ते आपल्याकडे असावं असं वाटतं.

रतनसिंगने मान हलवली. "मग आज मीही बसतो. बघतो काय शिकवतात ते."

हे आणि चंद्रकला थोड्या अंतराने आले. काकाला बघून ती दारातच थबकली, मग वाकून पाया पडली. ह्यांना मीच सांगितलं, की हे चंद्रकलाचे काका, आज शिकवणं बघायला थांबलेत, आणि मी रोजच्यासारखी इथे बसणार आहे. रोजच्यासारखी म्हणताना मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी चपला काढल्या, हात धुतले आणि टेबलाशी बसले. रतनसिंग भिंतीपाशी काठी गुडघ्यांमध्ये धरून बसला. मी टेबलाच्या तिसऱ्या बाजूला खुर्ची ओढली.

त्यांनी सुरुवात चांगली केली. आवाज वर्गातला, भरीव. मध्ये धातूचा अणू, भोवती सहा, म्हणत बटाट्यात काड्या खोचल्या, काड्यांच्या टोकांना भिजवलेले हरभरे लावले. हा आकार कसाकसा फिरवला तर पहिल्यासारखाच दिसतो, ते सांगितलं. मग म्हणाले, "आता असं समजा की मधोमध आडवा आरसा आहे. वरचा खाली जाईल, खालचा वर येईल. म्हणजे किती? दोन. लिही, चंद्रकला."

चंद्रकलाची पेन्सिल हलली नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे काकाकडे, आणि मान खाली घातली. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. मला माझ्या उताऱ्यांची आठवण झाली. लाल पेन्सिल वर धरून ते थांबायचे तेव्हा माझं असंच व्हायचं.

"काय झालं?" रतनसिंग म्हणाला. "थांबलात का?"

मुलगीच सरांना शिकवते, हे त्या माणसाला पटलं नसतं. त्याने त्याचा एकच अर्थ लावला असता.

"अहो, मला एक कळलं नाही," मी म्हटलं. "हललेले मोजायचे, की जागचे राहिलेले?"

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. चंद्रकलानेही बघितलं. क्षणभर खोलीत कुणी हललं नाही. मग मी तिला म्हटलं, "तू सांग गं मला. सर दिवसभर उभे राहून आलेत. मी अडाणी बाई, मला पहिल्यापासून सांगावं लागेल."

ती हुशार होती. तिने बटाटा उचलला आणि माझ्यापुढे धरला. "काकू, आरशात वरचा खाली गेला, खालचा वर आला, हे दोन हलले. त्यांना सोडून द्या. बाजूचे चार आरशातच आहेत, ते जागचे हलत नाहीत. म्हणून चार. दर वेळी फक्त एवढंच बघायचं, जागेवर किती राहिले."

"म्हणून चार," मी म्हटलं.

"चार," हे हळूच म्हणाले आणि समोरच्या कागदावरचा आकडा खोडला.

पुढचा तासभर तिने मला शिकवलं. मी विचारत होते. काही प्रश्न माझे होते. काही मी ह्यांच्या चेहऱ्यावर बघून विचारले. त्यांची भुवई आक्रसली की मी म्हणायची, इथं परत सांग. ती परत सांगायची. एकदा तिने मला डोळे मिटायला लावले आणि उघडायला सांगून विचारलं, मी फिरवलं की नाही सांगा. मला सांगता आलं नाही. बटाटा होता तसाच दिसत होता.

"पण काही बदललंच नाही," मी म्हटलं, "तर त्यावरून कळणार काय?"

"कुणाची कुणाशी जोडी जमेल ते कळतं, काकू. मधल्या धातूची पाच खास ऑर्बिटलं आहेत. म्हणजे इलेक्ट्रॉन राहायच्या जागा म्हणा. बाहेरच्या सहांची मिळूनही काही आहेत. असं प्रत्येक प्रकारे फिरवल्यावर जी सारखी वागतात, त्यांचीच जमते. बाकीची कितीही जवळ असली तरी नाही."

मी तिच्या हातातला बटाटा घेऊन टेबलावर ठेवला.

रतनसिंगला त्यातलं काही कळलं नसावं. पण आपली पुतणी एका प्राध्यापकाच्या बायकोला समोर बसवून शिकवते आहे आणि प्राध्यापक मान डोलावत ऐकतो आहे, हे त्याला दिसत होतं. तो उठला तेव्हा चेहऱ्यावर आल्या वेळचा ताठा नव्हता. "घरी ही तोंड उघडत नाही," एवढंच म्हणाला. मग ह्यांना विचारलं, परीक्षा कधी. एप्रिलमध्ये, हे म्हणाले. "होऊ द्या मग," रतनसिंग म्हणाला आणि तिला वसतिगृहावर सोडायला घेऊन गेला. जाताना चंद्रकला माझ्या पाया पडली, ह्यांच्या नाही. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

तिचं पुढे चांगलं झालं. विद्यापीठात पहिली नाही आली, दुसरी आली. शहाद्याचं स्थळ लांबणीवर पडलं ते पडलंच. आता ती स्वतः शिकवते, तिच्या हाताखाली मुलांनी पीएच.डी. केलेली आहे. मी एप्रिलपर्यंत सकाळची ड्यूटी मागून घेतली, कारण रतनसिंगला बोलले होते ते खरं करायला हवं होतं. पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं.

ते दोघं गेल्यावर हे बराच वेळ बाहेर बसून राहिले. मी आत कुकर लावला. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी तिकडे यायचे नाहीत.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

 मी कोथिंबीर निवडत होते. इतके दिवस मनात साठवून ठेवलेलं सगळं बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "तिच्यासमोर लाज नाही वाटली?"

"वाटायची. पण ती एप्रिलमध्ये जाणार," ते म्हणाले. "तू राहणार. तू रोज बघणार."

मी कोथिंबीर निवडत राहिले, कारण वर बघता येत नव्हतं. थोड्या वेळाने ते पाटावर बसले, माझ्या शेजारी. म्हणाले, "काही बदललंच नाही तर कळणार काय, हे तू विचारलंस ना? मीही पहिल्या दिवशी तिला हेच विचारलं होतं."

"मग कळलं तुम्हाला?"

"थोडंसं." त्यांनी रद्दीतला कागद ओढला आणि पेन्सिलीने काढायला लागले. मधला धातू, भोवतीचे सहा. पाचांपैकी दोघांची बाहेरच्यांशी जोडी जमते, तिघं तसेच राहतात, हे सांगितलं. अडखळत सांगत होते, वर्गातला आवाज नव्हता. त्या दोघांपैकी एकाची जोडी कशी लिहितात तेही लिहिलं, वरच्या आणि खालच्याला दोन-दोन, बाजूच्या चौघांना उणे एक-एक.

"वरच्याला दोन का?" मी विचारलं. "एक का नाही?"

त्यांनी त्या कागदाकडे खूप वेळ बघितलं. कुकरची शिट्टी झाली. ते आता म्हणतील, ते तुला नाही कळायचं, असं मला वाटलं. मी मनाची तयारी केली.

"मला माहीत नाही, इंदू," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "शनिवारी चंद्रकलाला विचारू."

तिचं नाव ऐकून मला टोचलं, नेहमीसारखंच. अजूनही टोचतं. पण ते विचारतो म्हणाले नव्हते. विचारू म्हणाले होते.